एकाच द्रावणातले दोन थर, एक चुंबक आणि एक नाही

रानशेवंती

नमस्कार. गेले दोन महिने एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

मी झिंक ऑक्साइडचे पातळ थर करते. झिंक अ‍ॅसिटेटच्या द्रावणात थोडं मँगनीज अ‍ॅसिटेट घालायचं आणि तापलेल्या काचेवर त्याचा बारीक फवारा मारायचा. थेंब काचेपर्यंत पोचतापोचता पाणी उडून जातं, ऑक्साइड तेवढा चिकटून राहतो. याला स्प्रे पायरोलिसिस म्हणतात. व्हॅक्यूम लागत नाही, हॉटप्लेट आणि कॉम्प्रेसरवर काम भागतं, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांतून हीच पद्धत चालते. झिंक ऑक्साइड पारदर्शक आहे, सेमीकंडक्टर आहे. त्यात चुंबकत्व आणता आलं तर इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि त्याचा स्पिन (म्हणजे त्याचं अंगचं चिमुकलं चुंबकत्व) दोन्ही एकाच पदार्थात वापरता येतील, ही त्यामागची जुनी ओढ.

तर एकाच बाटलीतल्या द्रावणातून, एकाच दुपारी, दोन थर केले. मँगनीज ३ टक्के. एक काच ३५० अंशांवर, दुसरी ४५० अंशांवर. जाडी दोन्हींची जवळपास २०० नॅनोमीटर. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची पद्धत) दोन्हींत झिंक ऑक्साइडच्याच रेषा, मँगनीज ऑक्साइडची वेगळी रेषा कुठेच नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोघं सख्खे वाटत नाहीत. ३५० चा थर बारीक रव्यासारखा, कण २० नॅनोमीटरच्या आसपास. ४५० चा थर शंभर नॅनोमीटरच्या घरातल्या कणांचा, कोनाला कोन जुळवून फरशी बसवावी तसा.

दोन्हींचे ५ मिमी बाय ५ मिमी तुकडे कापून मॅग्नेटोमीटरला दिले. ४५० च्या तुकड्याने सरळ उतरती रेषा दिली, म्हणजे नुसतं काचेचं प्रतिचुंबकत्व (क्षेत्राच्या उलट दिशेचा क्षीण प्रतिसाद). ३५० च्या तुकड्याने, काचेची रेषा वजा केल्यावर, खोलीच्या तापमानाला स्वच्छ उघडा हिस्टेरेसिस लूप दिला, म्हणजे क्षेत्र काढून घेतलं तरी चुंबकत्व मागे उरतं, ही लोहचुंबकाची खूण. संपृक्त मोमेंट (तुकड्याचं जास्तीत जास्त चुंबकत्व) अडीच लक्षांश ईएमयू, हे ते मोजायचं एकक. मँगनीजच्या दर अणूमागे साधारण ०.४ बोर मॅग्नेटॉन. (मँगनीजचे पाचही सुटे इलेक्ट्रॉन एका दिशेने उभे राहिले तर ५ यायला हवेत.)

द्रावण तेच, मँगनीज तेवढंच, जाडी तीच. बदलली ती फक्त कणांची ठेवण. मग हे चुंबकत्व कणांच्या पृष्ठभागावरून येतंय असं मी म्हणू शकते का? ज्यांनी असं काही मोजलंय त्यांनी कृपया लिहा. टीका चालेल, गुळमुळीत कौतुक नको.

घड्याळजी

ताई, मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, आता वय झालं. शास्त्रातलं कळत नाही पण बारीक कामाची सवय आहे. प्रश्न असा की पृष्ठभाग म्हणजे वरची साय ना? दोनशे नॅनोमीटरच्या थरात ती साय असून असून किती असणार? तेवढ्यावरून अख्खा थर चुंबक कसा होईल?

रानशेवंती

काका, प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. थर सलग एकसंध असता तर तुमचं बरोबर. झिंक ऑक्साइडमध्ये झिंकचे अणुथर एकमेकांपासून सुमारे ०.२६ नॅनोमीटरवर असतात, म्हणजे २०० नॅनोमीटरमध्ये साडेसातशेच्या वर थर. वरचे एकदोन गेले कुठे कळणारही नाहीत.

पण माझा थर सलग नाही, कणांचा आहे, आणि प्रत्येक कणाला स्वतःची साल आहे. शेंगदाण्याची चिक्की अख्ख्या दाण्यांची केली तर गूळ कमी लागतो, जाडसर कुटाची केली तर त्याच शेंगदाण्यांना जास्त लागतो. कारण गूळ दाण्याच्या पोटात जात नाही, बाहेरून लागतो. आता हिशेब. १०० नॅनोमीटर बाजूचा घन घ्या आणि त्याची अर्धा नॅनोमीटर जाडीची साल धरा, तर सालीत ३ टक्के भाग येतो. २० नॅनोमीटरच्या घनात तीच साल १४ टक्क्यांच्या वर जाते. १० नॅनोमीटरच्या घनात २७ टक्के. सालीतल्या अणूंना पुरेसे शेजारी नसतात, बंध अर्धवट सुटलेले असतात, ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात. अशा रिकाम्या जागेत अडकलेला एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे एक चिमुकलं चुंबकच.

अपूर्णांक

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या प्रोजेक्टचा विषय हाच, म्हणून धागा वाचनखूण साठवला आहे. ताई, बोरिस स्ट्राउमाल आणि सहकाऱ्यांचा २००९ चा पेपर पाहिलात का? त्यांनी आधी छापून आलेले झिंक ऑक्साइडवरचे ढीगभर निकाल गोळा केले. कुणाला चुंबकत्व मिळालेलं, कुणाला नाही. मग प्रत्येक नमुन्यात दर घनमीटरमागे कणसीमांचं (दोन कण जिथे टेकतात त्या सीमांचं) क्षेत्रफळ किती हे काढून त्या मापावर सगळे मांडले. सीमा भरपूर असतील तिथे लोहचुंबकत्व, कमी असतील तिथे नाही, असे दोन गट पडले. कणसीमांचा फेस चुंबकीय असतो, कणांची पोटं नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

पण त्यात एक अडचण आहे. शुद्ध झिंक ऑक्साइडला कण फार बारीक लागतात, मँगनीज घातलं की ती अट शंभरपटीहून सैल होते. त्या हिशेबाने तुमचा ४५० चा थरही चुंबकीय असायला हवा होता. १०० नॅनोमीटरचे कण मँगनीजवाल्या उंबरठ्याच्या खूपच आत येतात.

रानशेवंती

@अपूर्णांक, हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. खरंच अडचण आहे. विचार करते.

मोजमाप

मी बरीच वर्षं मॅग्नेटोमीटर चालवतो आहे. नमुना आणणारा विद्यार्थी दारातून आत आला की मी आधी त्याच्या हातातली डबी आणि चिमटा बघतो. ताई, तुम्ही टीका मागितलीत म्हणून स्पष्ट लिहितो. तुमचा लूप खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो थराचा आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही, इतकंच.

शुद्ध लोखंडाचं संपृक्त चुंबकत्व ग्रॅममागे सुमारे २१८ ईएमयू. तुमचा सिग्नल अडीच लक्षांश. म्हणजे ०.११ मायक्रोग्रॅमच्या आसपास लोखंड पुरतं. त्याचा एकच कण केला तर बाजू भरेल जेमतेम २४ मायक्रॉन. माणसाचा केस याच्या दुपटी-तिपटीने जाड असतो. असा एक कण काचेच्या कडेला चिकटला असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली तुम्ही तो पाहणारच नाही, कारण तुम्ही थराचा मधला भाग बघता. एक्सआरडीला तो दिसत नाही. मॅग्नेटोमीटरला मात्र फक्त तोच दिसतो.

ही कल्पना नाही. २००४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या वेंकटेशन, फिट्झगेराल्ड आणि कोई यांनी 'नेचर'मध्ये हाफ्नियम ऑक्साइडचे पातळ थर लोहचुंबकीय असल्याचं लिहिलं. त्या पदार्थात चुंबकीय अणू औषधालाही नाही, त्यामुळे जगभर खळबळ. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या अब्राहम, फ्रँक आणि गुहा यांनी तसेच थर काळजीपूर्वक करून मोजले. काहीच मिळालं नाही. मग त्यांनी मुद्दाम स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने थर धरले, आणि लूप हजर. चिमट्याचं टोक काचेच्या किंवा सिलिकॉनच्या कडेवर घासतं तेव्हा त्याची पूड तिथे राहते, एवढाच प्रकार. (कोईंच्या गटाची पद्धत वेगळी होती, तेव्हा त्यांचा प्रत्येक निकाल चिमट्याचाच होता असं मी म्हणत नाही. पण धडा कायमचा आहे.)

प्रश्न: चिमटा कोणता होता? काच कशाने कापली? थर नसलेली, पण त्याच ३५० अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवलेली, त्याच हत्याराने कापलेली कोरी काच मोजली का? नमुना कोणत्या टेपने चिकटवला? आणि काच साधी स्लाइड असेल तर तिच्यात लोखंडाचा अंश मुळातच असतो, क्वार्ट्झ का नाही घेतला?

रानशेवंती

सर, चिमटा स्टीलचा. प्रयोगशाळेत कित्येक वर्षांपासून असलेला, टोकाला गंजाचे दोन ठिपके आहेत, आत्ता जाऊन बघून आले. कोरी काच मोजली होती, पण ती कारखान्यातून आलेल्या खोक्यातली, न तापवलेली, न कापलेली. क्वार्ट्झ महाग पडतो म्हणून घेतला नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय.

घड्याळजी

आता माझ्या कामाचं निघालं म्हणून लिहितो. घड्याळातली हेअरस्प्रिंग केसासारखी असते, तिला चुंबक लागला की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. गिऱ्हाईक म्हणतं, घड्याळ फास्ट झालंय. आम्ही आधी होकायंत्रावर धरून बघायचो, सुई हलली की समजायचं. असली कामं आम्ही पितळेच्या चिमट्याने करायचो. स्टीलचा पाच नंबरचा चिमटा टोकाला फार छान, पण तो एकदा चुंबक झाला की बारीक स्क्रू उचलतो आणि सोडतच नाही. आणि हो, टोक घासतंच. वर्षातून दोनदा दगडावर टोक लावायला लागायचं, म्हणजे तेवढं स्टील कुठेतरी गेलंच ना. ताई, तुमचा चिमटा होकायंत्राजवळ धरून बघा.

मोजमाप

घड्याळजी, माझ्या विद्यार्थ्यांना मी हे तुमच्याच शब्दांत सांगणार आहे. आमच्याकडे स्क्विड यंत्रात (अतिशय संवेदनशील मॅग्नेटोमीटर) नमुना चक्क पारदर्शक प्लास्टिकच्या स्ट्रॉमध्ये ठेवतात, शीतपेयाच्या स्ट्रॉसारख्या. तीही हाताळताना हातमोजा बदलावा लागतो. नमुना चिकटवायची पिवळी टेप, चांदीचा रंग, खुणा करायचं मार्कर, जिलेटिनची कॅप्सूल, या प्रत्येकाने कुणाचा ना कुणाचा लूप काढलेला आहे. २००९ साली गार्सिया आणि सहकाऱ्यांनी या सगळ्या चुकांवरच एक सविस्तर पेपर लिहिला. नवीन विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात वाचावा असा.

तांबडी_माती

रसायनशास्त्र शिकवते. मोजमाप सरांचं सगळं मान्य, तरी एक बाजू राहते आहे.

२००६ साली बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात ए. सुंदरेसन, सी. एन. आर. राव आणि सहकाऱ्यांनी सिरियम ऑक्साइड, अ‍ॅल्युमिना, झिंक ऑक्साइड, इंडियम ऑक्साइड, टिन ऑक्साइड यांचे ७ ते ३० नॅनोमीटरचे कण केले. यातला एकही पदार्थ एरवी चुंबक नाही. नॅनोकण मात्र खोलीच्या तापमानाला लोहचुंबकीय निघाले. तीच भुकटी तापवून मोठ्या कणांची केली की चुंबकत्व जातं. घाणीमुळे असतं तर तापवल्यावर असं शिस्तीत का जावं?

आणि याच रावांनी त्याच्या आदल्या वर्षी एफ. एल. दीपक यांच्याबरोबर, मँगनीज आणि कोबाल्ट घातलेल्या झिंक ऑक्साइडमध्ये लोहचुंबकत्व नाही असा पेपर लिहिला होता. दोन्ही एकत्र वाचले की मला तरी एकच दिशा दिसते. बाहेरून घातलेला धातू ही मुख्य गोष्ट नाही, सुटे बंध असलेली साल ही मुख्य गोष्ट आहे.

तिसरी आठवण पुण्याशी जोडलेली. २००३ मध्ये स्टॉकहोमच्या के. व्ही. राव यांच्या गटाने मँगनीज घातलेल्या झिंक ऑक्साइडमध्ये खोलीच्या तापमानावर लोहचुंबकत्व जाहीर केलं. कमी तापमानाला भाजलेल्या नमुन्यात ते होतं, जास्त तापमानाला भाजलं की नाहीसं. पुढच्याच वर्षी मेरीलँडमधून दर्शन कुंडलिया, सतीशचंद्र ओगले आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथे झिंक मँगनीज ऑक्साइडच्या कणांत शिरत होतं आणि ऑक्सिजनची कमतरता असलेला एक अर्धवट, अस्थिर ऑक्साइड तयार होत होता. चुंबक तो होता. दोन कण जिथे टेकतात तिथल्या रसायनातून सगळं घडलं, अणू विखुरलेल्या आदर्श सेमीकंडक्टरमधून नव्हे. ओगले सर पुढे पुण्याला एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्थांत होते.

ताईंचा ३५० चा थर मला या गोष्टीच्या फार जवळचा वाटतो. कमी तापमान, अपुरी प्रक्रिया, बारीक कण. एक्सआरडीत वेगळी रेषा नाही याचा अर्थ वेगळा ऑक्साइड नाही असा होत नाही. एकदोन टक्के, तेही नॅनोमीटरभर जाडीचं, एक्सआरडी पकडत नाही.

उत्तरवारा

मंडळी, मी युरोपात गॅलियम मँगनीज आर्सेनाइडचे थर वाढवतो. ऑक्साइडचा गोंधळ वाचून एकदा तरी माझ्या पदार्थाबद्दल सांगावंसं वाटलं. कारण पृष्ठभाग थराचं चुंबकत्व खरोखर कसं चालवतो, हे इथे पायरीपायरीने उलगडलेलं आहे. चिमट्याचा प्रश्नही येत नाही, कारण चुंबकत्व थंड तापमानाला येतं आणि जातं, लोखंडाची पूड असं करत नाही.

जपानच्या तोहोकू विद्यापीठात हिदेओ ओनो यांच्या गटाने १९९६ मध्ये हा पदार्थ दिला. गॅलियम आर्सेनाइड एरवी ६०० अंशांच्या आसपास वाढवतात. त्या तापमानाला मँगनीज घातलं की ते वेगळं होऊन मँगनीज आर्सेनाइडच्या गुठळ्या होतात. म्हणून २५० अंशांच्या जवळपास वाढवायचं, म्हणजे मँगनीजला पळून एकत्र यायला सवड मिळत नाही. १९९८ पर्यंत क्यूरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व नाहीसं होतं ते) ११० केल्विनवर पोचलं आणि बरीच वर्षं तिथेच अडकलं.

का अडकलं? गॅलियमच्या जागी बसलेलं मँगनीज एक होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) देतं, आणि ही होलंच मँगनीजच्या स्पिनांना एकमेकांशी जुळवतात. पण थंडपणे वाढवल्यामुळे काही मँगनीज जागा न मिळून मधल्या फटीत बसतं. असं एकेक मँगनीज दोन-दोन होलं खातं, आणि शेजारच्या नीट बसलेल्या मँगनीजच्या उलट दिशेला स्वतःचा स्पिन करून त्याचंही काम बिघडवतं. म्हणजे दुहेरी नुकसान.

आता पृष्ठभाग येतो. थर वाढवून झाल्यावर हवेत १८० ते २०० अंशांवर काही तास, कधी काही दिवस, ठेवला की फटीतलं मँगनीज हळूहळू वर येतं आणि तिथे ऑक्सिजनशी बांधलं जातं. क्यूरी तापमान चढतं. नॉटिंगहॅमच्या एडमंड्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ही वाटचाल मोजून दाखवली आणि १५९ केल्विन गाठलं. पातळ थर लवकर सुधारतो, जाड थराला वेळ लागतो, कारण तळच्या मँगनीजला वर यायला जास्त अंतर आहे.

मला सगळ्यात आवडणारा प्रयोग पेन स्टेट विद्यापीठातला, २००३ चा. नितीन समर्थ (आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी) आणि पीटर शिफर यांच्या गटाने थरावर साध्या गॅलियम आर्सेनाइडचं झाकण घातलं. मोजक्या अणुथरांचं. एक अणुथर म्हणजे ०.२८ नॅनोमीटर. एवढ्या पापुद्र्याने तापवण्याचा फायदाच बंद झाला. खाली सगळा थर तोच, फक्त वरचं दार बंद. मँगनीजचे आयन धन प्रभाराचे असतात, वर पोचलेले ऑक्सिजनने बांधून घेतले नाहीत तर तेच मागून येणाऱ्यांना मागे ढकलतात. ऑक्सिजन हवेतूनच हवा असंही नाही. वर आर्सेनिकचा थर दिला तर तोही त्यांना बांधून घेतो, आणि काम लवकर होतं.

पुढे प्राग आणि नॉटिंगहॅमच्या लोकांना कळलं की वर साठलेला ऑक्साइडही शेवटी वाट अडवतो. २००८ मध्ये ओलेनिक आणि सहकाऱ्यांनी तो ऑक्साइड काढून पुन्हा तापवायचं, असं करत १८० केल्विन गाठलं. मी स्वतः हे करतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थर अर्धा मिनिट बुडवायचा, पाण्याने धुवायचा, नायट्रोजनच्या फुंकरीने वाळवायचा, लगेच भट्टीत. थर डोळ्याला होता तसाच दिसतो, पण विद्युतरोध मोजला की तो उतरलेला असतो, म्हणजे होलं वाढलेली. पहिल्यांदा तो आकडा पाहिला तेव्हा मी यंत्राच्या वायरी दोनदा तपासल्या होत्या.

आणि २०११ मध्ये बीजिंगच्या गटाने थराच्या अरुंद पट्ट्या कोरल्या. पट्टीला वरचा पृष्ठभाग आहेच, शिवाय दोन्ही बाजूंच्या भिंती मिळाल्या. मँगनीजला बाहेर पडायला तीन दारं. २०० केल्विन.

घड्याळजी

उत्तरवारा दादा, पहिल्यांदाच इतकं सविस्तर वाचलं आणि समजलं. एक शंका. थर वाढताना जो पृष्ठभाग होता तो तर पुढचा थर पडला की गाडला गेला. मग त्याचा परिणाम संपला म्हणायचा का?

उत्तरवारा

काका, या प्रश्नावर आमच्या क्षेत्रात पंधरा वर्षं गेली.

या थरात एक विचित्र गोष्ट दिसते. चौरस स्फटिकात दोन कर्ण दिशा असतात. गॅलियम आर्सेनाइडच्या पोटात त्या दोन्ही सारख्या, फरक काढायला काही कारणच नाही. पण चुंबकत्वाला त्यातली एक दिशा जास्त सोपी जाते. साहजिक संशय वरच्या पृष्ठभागावर गेला, कारण पृष्ठभागावर सुटे बंध एकाच कर्णाच्या दिशेने ओळीत असतात, तिथे दोन्ही कर्ण सारखे नाहीत. मग वेल्प आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये थर वरून कोरत कोरत पातळ केला. दिशेची ती आवड तशीच राहिली. म्हणजे ती सालीत नव्हती, पोटभर पसरलेली होती.

२०१२ मध्ये पोलंडच्या बिरोवस्का आणि सहकाऱ्यांनी गणिताने उलगडा मांडला. प्रत्येक अणुथर कधी ना कधी सगळ्यात वरचा असतो. त्या क्षणी शेजारी बसणाऱ्या दोन मँगनीज अणूंना एका कर्णाच्या दिशेने जोडी करणं स्वस्त पडतं. वरून पुढचा थर येतो, तापमान कमी असल्यामुळे जोडी सुटत नाही, तशीच गाडली जाते. असे शेकडो थर, प्रत्येकात जोड्यांचा कल तोच. म्हणून पृष्ठभाग गेला तरी त्याची दिशा पोटात राहते.

अपूर्णांक

सुंदर! आता व्यवहाराचा प्रश्न. आमच्याकडे स्क्विड नाही, मोठ्या संस्थेत वेळ मिळवायचा तर अर्ज करून महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. ताईंसारख्या थराबद्दल "साल की घाण" हे कमीत कमी मोजमापांत कसं ठरवायचं? उत्तरवारा दादांसारखं आम्लात बुडवून चालेल का?

तांबडी_माती

नको! झिंक ऑक्साइड सौम्य आम्लातही विरघळतं. अर्ध्या मिनिटात थर गायब होईल.

मोजमाप

विरघळतं हेच वापरून घेता येईल, पण क्रम महत्त्वाचा. सरळ बुडवलात तर थरही जाईल आणि लोखंडाची पूडही जाईल, काही कळणार नाही. आधी कापूस सौम्य आम्लात भिजवून, पिळून, फक्त काचेची मागची बाजू आणि चारही कडा पुसा. थराला स्पर्श नको. पाण्याने तसंच पुसून मोजा. मग सगळा थर विरघळवून उरलेली काच मोजा. पहिल्या पायरीत जे कमी होईल ते चिमट्याचं आणि कापण्याचं. दुसऱ्या पायरीत जाईल ते पुढच्या बाजूचं. शेवटी उरेल ते काचेच्या पोटातलं.

याहून भक्कम कसोटी जाडीची. ५०, १००, २००, ४०० नॅनोमीटरचे थर करा, कणांचा आकार शक्यतो सारखा ठेवून. जाडीसमोर मोमेंट मांडा. रेषा शून्यातून चढत गेली तर चुंबकत्व थरभर पसरलेलं, कणांच्या सालीत असलं तरी. आडवी राहिली तर ते एकाच ठिकाणी आहे: वरच्या तोंडाला, काचेला टेकलेल्या तळाला, किंवा घाणीत. हाफ्नियम ऑक्साइडच्या बाबतीत मोमेंट जाडीप्रमाणे वाढत नव्हता, ही खूण मूळ गटाच्या मोजमापांतच होती.

आणि कृपा करून नुसता एएफएमचा (सुईने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) खडबडीतपणाचा आकडा देऊन थांबू नका. "आरएमएस (उंचीतला सरासरी चढउतार) ५ नॅनोमीटर" हा आकडा लांब लांब टेकड्यांनाही येतो आणि दाटीच्या सुळक्यांनाही. पृष्ठभागाचं खरं क्षेत्रफळ दोन्हींत वेगळं असतं. फोटो, कणांचा आकार आणि आरएमएस तिन्ही द्या.

उत्तरवारा

एक भर घालतो. ३५० च्या थराचे दोन तुकडे करून एक ऑक्सिजनमध्ये आणि एक व्हॅक्यूममध्ये, सारख्याच तापमानाला आणि वेळाला ठेवून बघा. तापमान इतकंच ठेवा की कण वाढू नयेत. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचा हात असेल तर दोन तुकडे वेगळे वागतील.

रानशेवंती

पाच आठवड्यांनी परत येते आहे. उशिराबद्दल माफ करा, परीक्षा होत्या आणि मॅग्नेटोमीटरवर दोनच दिवस मिळाले.

घड्याळजी काका, चिमटा होकायंत्राजवळ नेला. सुई बोटभर अंतरावरूनच वळली. मी तो चिमटा तीन वर्षं वापरला आहे. त्याने धरलेल्या नमुन्यांवरचा माझा एक पोस्टर मी परिषदेतून मागे घेतला.

मोजमाप सरांनी सांगितलं त्याच क्रमाने केलं. कडा आणि मागची बाजू पुसल्यावर ३५० च्या तुकड्याचा मोमेंट अडीच लक्षांशावरून एक लक्षांशावर आला. साठ टक्के गेलं. कापसाचा बोळा पांढऱ्या कागदावर ठेवला होता, वाळल्यावर त्यावर अगदी फिकट पिवळसर कडा दिसली. मग थर विरघळवला. उरलेल्या काचेने सरळ रेषा दिली, लूप नाही. म्हणजे चाळीस टक्के पुढच्या बाजूचं होतं. त्यात थर किती आणि थरावर पडलेली पूड किती, हे अजून वेगळं झालेलं नाही. मँगनीजच्या अणूमागे ०.४ म्हणून जो आकडा मी दिला होता तो आता फार तर ०.१७ आहे, आणि तोही मी कुठे लिहिणार नाही.

४५० चा थर नव्याने कापून पुन्हा मोजला, पुन्हा सरळ रेषा. @अपूर्णांक, उंबरठ्याच्या हिशेबात तो का बसत नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तांबडी_माती ताईंच्या म्हणण्याप्रमाणे चुंबकत्व कमी तापमानाच्या अर्धवट ऑक्साइडमधून येत असेल, तर ४५० ला ते नसणं समजण्यासारखं आहे. त्यासाठी ३५० चाच थर नंतर ४५० ला तापवून बघणार आहे.

क्वार्ट्झचे बारा तुकडे मागवले, स्वतःच्या पैशांनी. त्यावर चार जाडींचे थर, प्रत्येकी तीन तुकडे, सगळे ३५० अंशांवर. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत ओल येते आणि थराला डाग पडतात, म्हणून वाटेत सिलिका जेलची नळी बसवली आहे. पहिला ५० चा थर काल झाला. निळसर झाक आली आहे, सगळीकडे सारखी.

मोजमाप

हे असं सगळं उघडपणे लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बारा तुकडे झाले की बिनथराचा एक क्वार्ट्झही त्याच हॉटप्लेटवर तेवढाच वेळ ठेवा आणि सोबत मोजा. म्हणजे तेरावा मागवा.

घड्याळजी

ताई, माझ्याकडे पितळेचे दोन चिमटे आहेत, दुकान बंद केल्यापासून डबीत पडून आहेत. टोकं कालच लावून ठेवली, होकायंत्रावरही धरून बघितली, सुई हलत नाही. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सोमवारी पोस्टात टाकतो.